घर पसंत पडलं, पण इंजिनिअरने छतावर बोट ठेवलं: आता काय काय करायचं?

विदर्भातल्या एखाद्या गावात घर पाहून ठेवलं, मालकासोबत बोलणी झाली, भाव जवळपास जमला, आणि मग बँकेच्या व्हॅल्युअरने नाहीतर तुम्ही बोलावलेल्या इंजिनिअरने रिपोर्टमध्ये लिहून दिलं की "छताची स्थिती समाधानकारक नाही" किंवा "लाकडी सांगाड्यास वाळवी" किंवा "स्लॅबची दुरुस्ती आवश्यक". हे वाचलं की घरातच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सोडा ते घर, दुसरी म्हणते जुन्या घराचं छत गळणारच, त्यात एवढं काय. बदलीवर आलेले मास्तर, नर्सबाई, रिटायर होऊन गावाकडे परत येणारी मंडळी, सगळ्यांची हीच गत होते, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

माझं म्हणणं एकच आहे. बिघाड पांघरुणात आहे की सांगाड्यात, हे आधी शोधा, बाकी सगळं त्याच्या नंतर. पांघरूण म्हणजे कवेलू, टिन, गच्चीवरचा कोबा, जे पाणी अडवते ते. सांगाडा म्हणजे मयाली (भिंतीवर टेकलेल्या जाड तुळया), फाटे (वासे), बल्ल्या, स्लॅबमधला लोहा आणि ज्या भिंतीवर हे सगळं बसलं आहे ती भिंत. पांघरूण बिघडलं तर तो पैशाचा विषय आहे, हिशोब करायचा आणि भावातून कमी करून घ्यायचा. सांगाडा गेला असेल तर मग तुम्ही घर विकत घेत आहात की नुसती जागा, हेच नव्याने ठरवावं लागते.

पहिलं काम: रिपोर्ट कोणी आणि कोणासाठी लिहिला ते पाहा

बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. उद्या कर्ज थकलं तर घर किती रुपयांना जाईल एवढंच त्याला सांगायचं असते, त्यामुळे बरेचदा तो अंगणातून आणि सपरीतून (ओसरीतून) पाहून, फोटो काढून निघून जातो. त्याने छताबद्दल काही लिहिलं नाही म्हणजे छत चांगलं आहे असं अजिबात समजू नका, आणि लिहिलं तरी ते एका वाक्यात राहते. तालुक्याच्या गावी घराचे नकाशे आणि एस्टिमेट करणारे प्रायव्हेट सिव्हिल इंजिनिअर असतात, त्यातल्या एकाला तुमच्या स्वतःच्या पैशाने आणा, त्याची जी फी होईल ती द्या. मालकाच्या ओळखीचा नको.

रिपोर्ट हातात आला की इंजिनिअरला फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः वर चढून किंवा माळ्यावर जाऊन पाहिलं की खालूनच? हा बिघाड कशाने झाला असं तुम्हाला वाटते? आणि यंदाच्या पावसाळ्याआधी काय केलंच पाहिजे, काय दोन-तीन वर्षं थांबू शकते? रिपोर्टमध्ये "पोहोचता आले नाही" किंवा "दृश्य भागाची पाहणी केली" असे शब्द असतील तर तो भाग कोणीच पाहिला नाही असं धरून चाला. सिलिंग ठोकलेलं असेल तर मालकाला सांगून एक-दोन पाट्या काढायला लावा, वर काय झाकलं आहे ते तिथेच कळते. मालक पाट्या काढू द्यायला तयारच नसेल तर तेही एक उत्तर समजा.

दुसरं काम: स्वतः जाऊन पाहा, आणि वेळ पाहून जा

दिवाळीनंतर आणि हिवाळ्यात घरं फार छान दिसतात. चुना मारलेला, अंगण सारवलेलं, सगळं कोरडं. खरं छत पाहायचं तर दोन वेळा जा, एकदा भर उन्हात दुपारी आणि जमलं तर एकदा झड लागली असताना. सौदा उन्हाळ्यात होत असेल आणि पावसाची वाट पाहता येत नसेल तर शेजारच्या आजीला विचारा की पावसाळ्यात ह्या घरात बादल्या-पातेली कुठे कुठे ठेवतात. असं माहितीचं माणूस दुसरं भेटणार नाही. आणि एखाद्याच कोपऱ्यात ताजा चुना किंवा ताजी छपाई दिसली, बाकीच्या भिंती जुन्याच, तर त्या कोपऱ्याच्या वर काय आहे ते आधी पाहा.

वर चढायचं असेल तर मिस्त्रीला सोबत घ्या आणि महावितरणची तार छतावरून किंवा छताला लागून जाते का ते चढायच्या आधी पाहा, लोखंडी शिडी तर तिथे नकोच. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका, जुना पत्रा वरून धडधाकट दिसते आणि पायाखाली फुटते, लोकं असे पडून गेले आहेत.

आता छत कोणतं आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कवेलूचं घर असेल तर

ह्यावर जरा जास्त लिहितो कारण शहरातून येणारे लोकं कवेलू पाहूनच घाबरतात, आणि खरं तर चांगल्या सांगाड्यावरचं कवेलूचं छत आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात टिनापेक्षा किती तरी सुखाचं आहे.

भर दुपारी बारा-एक वाजता आत जा, दारं-खिडक्या लावून घ्या, लाइट बंद करा आणि थोडा वेळ नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की वरून उन्हाचे कवडसे दिसायला लागतात, जमिनीवर रुपया-रुपयाएवढे ठिपके पडतात. एखाददुसरा ठिपका इकडेतिकडे असेल तर तिथलं कवेलू सरकलं किंवा फुटलं, तो अर्ध्या दिवसाचा विषय आहे. पण एका ओळीत ठिपकेच ठिपके असतील तर त्या ओळीखालची कमची किंवा बत्ता (कवेलू ज्यावर टेकते ती पट्टी) खचला आहे, म्हणजे नुसतं कवेलू बदलून भागणार नाही. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, भावाची बोलणी करताना कामाला येते.

मग बाहेर रस्त्याच्या पलीकडे जाऊन घराच्या आढ्याची रेष पाहा. रेष सरळ असेल तर सांगाड्याने अजून जीव धरला आहे. मधात खोलगट झाली असेल, नाहीतर एका बाजूचं पाखं (छताची उतरती बाजू) पोट सुटल्यासारखं दिसत असेल, तर खालचं लाकूड वाकलं किंवा भिंत सरकली.

लाकूड तपासताना मधलं लाकूड ठोकून समाधान मानू नका. सागवान मधात शंभर वर्षं टिकते, सडते ते टोकाला, जिथे मयाल मातीच्या भिंतीत घुसलेली असते तिथे. भिंतीची ओल टोकात शिरते, हवा लागत नाही, आणि उधई (वाळवी) भिंतीतूनच वर चढते. त्या सांध्याजवळ स्क्रू-ड्रायव्हर किंवा टोच्या दाबून पाहा. चांगल्या लाकडात टोक नुसतं रुतते, सडलेल्यात अर्धा इंच सहज आत जाते आणि बाहेर काढलं की भुसा येते. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर भरीव लाकूड टणटण वाजते आणि पोखरलेलं भदभद. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर त्यातली एक बोटभर फोडून ठेवा, दोन-चार दिवसांनी जाऊन पाहा, पुन्हा लिंपलेली दिसली तर उधई जिवंत आहे. खाली जमिनीवर पिवळसर बारीक पीठ पडत असेल तर तो भुंगा, तिथे झाडून पेपर पसरून ठेवा, नवीन पीठ पडलं तर अजून खातो आहे.

एका-दोन मयालींचं टोक गेलं म्हणजे घर गेलं असं नाही. चांगला वाढई (सुतार) खाली टेकू देऊन, सडका भाग कापून, नवीन लाकूड जोडून किंवा भिंतीला लागून लोखंडी आधार देऊन ते वाचवते. पण निम्म्याहून जास्त टोकं मऊ लागली तर मग तो पूर्ण छत उतरवायचा खर्च धरा.

कवेलू कोणतं आहे तेही पाहा. कुंभाराने घडवलेलं देशी नळीचं कवेलू असेल तर ते दरवर्षी रोहिणी-मृगाच्या आधी फेरावंच (उतरवून नव्याने रचावंच) लागते, आणि फेरणारे हात आता गावोगावी कमी झाले आहेत, तो माणूस गावात आहे का ते आधी विचारा. इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी, जास्त पक्कं बसते पण त्याला उतार लागते, दोन फुटामागे निदान एक फूट, उतार कमी असेल तर झडीच्या पावसात वारं पाणी उलटं आत ढकलते आणि मग तुम्ही कितीही कवेलू बदला, गळणं थांबत नाही. फुटलेल्यांच्या जागी त्याच मापाचं जुनं कवेलू पडक्या घरातून मिळते, नवीन आणलं तर कंपनीगणिक खाच वेगळी असते आणि बसत नाही. आणि जंगलाला लागून गाव असेल तर माकडांचं विचारा. माकडांच्या उड्यांनी कवेलू फुटतात म्हणून तर कित्येक घरांनी टिन टाकलं.

कवेलू काढून टिन टाकलेलं असेल तर

विदर्भात आता सगळ्यात जास्त हेच घर पाहायला मिळते, आणि रिपोर्टमध्ये ह्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलेलं असते. मंगलोरी कवेलूचं छत एका चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास वजनाचं असते, तेवढ्याच जागेवरचं टिन पाच किलोच्या आसपास. जुना लाकडी सांगाडा भिंतीवर नुसता ठेवलेला असे, कवेलूच्या वजनानेच तो दबून राही, त्याला बांधायची गरज कधी पडली नाही. मालकाने कवेलू उतरवले, त्याच लाकडावर टिन ठोकलं, घर कोरडं झालं, पण आता वर वजनच नाही. वैशाख-ज्येष्ठातलं वावधन (वादळ) आलं की वारं सपरीतून आत शिरते, खालून उचलते, आणि टिन लाकडासकट उडते. इमारतीवरच्या वाऱ्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्यात नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर वेग धरला आहे, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. त्यावरून अंदाज घ्या.

म्हणून टिनाच्या घरात गळण्याच्या आधी बांधणी पाहा. टिन पर्लिनला (टिनाखालच्या आडव्या लाकडाला किंवा पाइपाला) कशाने धरलं आहे, पर्लिन भिंतीला कशाने धरलं आहे, आणि भिंतीत तो नट-बोल्ट किंवा पट्टी किती खोल गेली आहे. नुसते खिळे असतील किंवा वर दगड आणि सिमेंटच्या विटा ठेवल्या असतील तर बांधणी नाही असंच समजा. ते दगड तर घर घेतल्याबरोबर उतरवून टाका, वादळात उडालेल्या टिनासोबत तेच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतात. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा टाकून त्यात बोल्ट सोडले तर काम पक्कं होते. मातीच्या भिंतीला हे जमत नाही, तिथे भिंतीच्या बाजूने खालपर्यंत लोखंडी पट्टी किंवा खांब घ्यावा लागते, ते इंजिनिअरकडूनच लिहून घ्या.

गळण्याचं म्हणाल तर टिन सहसा स्क्रूच्या भोकातून आणि जोडातून गळते. स्क्रू नाग्याच्या (पत्र्याच्या लहरीच्या) उंचवट्यावर मारलेला पाहिजे, खाली पन्हाळीत मारला असेल तर पाणी त्यावरूनच वाहणार. रबरी वायसर उन्हाने वाळून फुटते, ते बदलणं स्वस्त काम आहे. एका पत्र्यावर दुसरा पत्रा उताराच्या दिशेने निदान सहा इंच आणि बाजूने दीड-दोन नागे चढलेला असावा. गंजाचे नुसते डाग चालतात, पण आतून पाहताना टाचणीएवढे उजेडाचे ठिपके जागोजागी दिसले तर पत्रा संपला, त्यावर डांबर फासून एखादा पावसाळाच निघते.

सिमेंटचे पत्रे असतील तर एवढंच लक्षात ठेवा की जुन्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असते, त्याचा भुकणा फुप्फुसात गेला तर कॅन्सरपर्यंतचे आजार होतात. ते कापू नका, घासू नका, फोडून अंगणात भर म्हणून टाकू नका. काढायचेच असतील तर ओले करून अख्खे उतरवायचे, तोंडाला चांगला मास्क लावून, लेकरं दूर ठेवून.

स्लॅबचं घर असेल तर

स्लॅब म्हटलं की पक्कं घर, असं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे, आणि इथेच लोकं सगळ्यात जास्त फसतात. आपल्याकडे घरं बांधली जातात उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातच गावाला पाणी नसते. काँक्रीटच्या कामाचं जे भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्याप्रमाणे काँक्रीटला कमीत कमी ७ दिवस पाणी मारायचं असते, आणि उष्ण कोरड्या हवेत १० दिवसांच्या खाली यायचंच नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या गावात किती स्लॅबला तेवढं पाणी मिळालं असेल ते तुम्हीच पाहा. मालकाला सरळ विचारा, स्लॅब कोणत्या महिन्यात टाकला, पाणी कुठून आणलं. बहुतेक लोकं खरं सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

गळणं दोन प्रकारचं असते. पाइपाजवळ, कठड्याच्या कोपऱ्यात, पाणी निघायच्या भोकाजवळ ओल असेल आणि बाकी स्लॅब कोरडा असेल तर ते पांघरुणाचं काम, उतार दुरुस्त करून, कोपरे गोल भरून, वॉटरप्रूफिंग करून निपटते. पण खोलीच्या मधात छताला तांबूस रेषा दिसल्या, एकमेकींना समांतर, साधारण अर्ध्या-अर्ध्या फुटावर, तर त्या लोह्याच्या रेषा आहेत. आत लोहा गंजतो आहे. गंज मूळ लोह्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, त्यामुळे खालचं काँक्रीट फुगून पोपडे पडतात आणि एक दिवस लोहा उघडा पडते. काठीने छत ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येते तिथे थर सुटलेला आहे. असा भाग दोन-चार ठिकाणी असेल तर फोडून, लोहा घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरता येते. अर्ध्या खोलीत असेल तर वरून कितीही केमिकल लावा, आतला लोहा काही परत येत नाही, आणि मालकाने नुकतीच वरून छपाई करून घेतली असेल तर ते आणखी वाईट, कारण तुम्हाला दिसणार नाही.

एक साधी तपासणी कोणीही करू शकते. खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन्ही टोकांना स्लॅबपासून सारखंच अंतर सोडून सुतळी ताणून धरा. बारा फुटाच्या खोलीत मधात ते अंतर टोकापेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त कमी भरलं तर इंजिनिअरला ते माप सांगा. छज्जा आणि बाहेर काढलेल्या गॅलरीत मात्र उलटं असते, तिथे लोहा खालच्या नाही, वरच्या अंगाला पाहिजे, आणि स्लॅब टाकताना मजूर त्यावर चालून तो खाली दाबून टाकतात. म्हणून गॅलरीच्या वरच्या बाजूला भिंतीजवळ आडवी भेग दिसली तर त्याखाली उभंसुद्धा राहू नका.

गच्चीवर पाणी साठवून चोवीस तास पाहायची टेस्ट चांगली आहे, पण संशयाच्या स्लॅबवर ती करू नका. सहाशे चौरस फुटाच्या गच्चीवर नुसतं एक इंच पाणी म्हणजे चौदाशे किलो होते. हजार लिटरची टाकी कुठे ठेवली आहे तेही ह्याच हिशोबाने पाहा, भरली की ते एक टन आहे, भिंतीवर किंवा बीमवर पाहिजे, खोलीच्या मधात नको. आणि जुन्या कोब्यावर दुसरा कोबा टाकायचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा. चार-साडेचार इंचाच्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचं वजन चौरस फुटाला वीस किलोच्या घरात जाते, जुना काढूनच नवीन करायचा.

घर घरकुल योजनेतलं असेल तर स्लॅब तपासण्याच्या आधी पंचायत समितीत जाऊन ते विकता येते का आणि कोणाच्या नावाने मंजूर झालं होतं ते पाहून घ्या, नाहीतर छतावर केलेला सगळा खर्च दुसऱ्याच्या घरावर होईल.

बुलडाणा-अकोल्याकडे धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर घेत असाल तर एकच पाहा, वर मातीचा थर किती जाड झाला आहे. दरवर्षी गळते म्हणून दरवर्षी पांढरी माती टाकत जातात, आणि चौरस फुटावर एक इंच माती म्हणजे चार किलो. फूटभर थर साचला असेल तर खालची लाकडं पन्नास किलोच्या आसपास ओझं चौरस फुटागणिक धरून आहेत, पावसात त्याहून जास्त.

छताचं दुखणं पायात तर नाही ना

आपल्या काळ्या मातीचा गुण सगळ्यांना माहीत आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर त्यासोबत भिंत वर-खाली होते आणि वरचं छत फाटते. मग रिपोर्टमध्ये "छताला भेग" लिहून येते आणि मिस्त्री वर सिमेंट भरून मोकळा होते, पुढच्या वर्षी तीच भेग पुन्हा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, वरती रुंद आणि खाली बारीक भेग दिसली तर पायाचा संशय घ्या. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून त्यावर तारीख लिहून ठेवायची, काही महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून चालते आहे. एवढा वेळ नसेल तर शेजाऱ्याला विचारा की ती भेग उन्हाळ्यात वाढते का. असं असेल तर छताचा एक रुपयाही खर्च करायच्या आधी पायाचं पाहावं लागते.

वळचणीचं पाणी कुठे पडते

गावठाणात घराला घर लागून असते आणि पाखं शेजाऱ्याच्या बोळीत उतरलेलं असते. पाणी तिकडे पडू द्यायचा हक्क आहे की नाही, हे भांडण घर घेतल्यावर पहिल्याच पावसात दारात येते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे असा हक्क वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार आणि हक्क म्हणून वापरला तर मिळू शकते. म्हणून मालकाला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही समोरासमोर बसवून विचारा. भिंत सामाईक असेल आणि तुमच्या मयाली त्याच भिंतीत असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण टोकं दुरुस्त करायला शेजाऱ्याच्या बाजूने जावं लागते. छताचं माप वाढवायचं नाही, पाणी पन्हाळ लावून आपल्या अंगणात घ्यायचं, एवढं ठरवलं तर बहुतेक भांडणं होतच नाहीत.

आता एस्टिमेट काढा

ज्याचं काम त्यालाच विचारा. लाकडाचं वाढईला, टिनाचं फॅब्रिकेशनवाल्याला, स्लॅबचं इंजिनिअरला. टिनवाल्याला कवेलूच्या घरात नेलं तर तो टिनच टाका म्हणणार. दोन वेगळ्या गावचे दोन जण बोलवा आणि दोघांकडून कागदावर लिहून घ्या, मटेरियल वेगळं, मजुरी वेगळी, जुनं उतरवायची मजुरी वेगळी.

मापात लोकं नेहमी चुकतात. घर वीस बाय तीस म्हणजे सहाशे फूट असं सांगतात, पण छत सहाशे फूट नसते. चारही बाजूंनी दीड फूट वळचण धरली तर ते तेवीस बाय तेहतीस होते, म्हणजे ७५९, आणि दोन फुटामागे एक फूट उतार असेल तर त्याला १.१२ ने गुणा, साडेआठशे फूट झालं. मंगलोरी कवेलू चौरस मीटरला पंधराच्या हिशोबाने बाराशेच्या आसपास लागतील. हे गणित घरीच करून जा, मग समोरचा सहज दोनशे फूट इकडचे तिकडे करत नाही.

भाव आणि इसारपत्र

मालक म्हणतील, "काही नाही जी, दोन कवेलू सरकले फक्त." तुम्ही त्यांच्यावर आवाज चढवू नका, त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर असते. शांतपणे म्हणा, "काकाजी, घर आवडलं म्हणूनच एवढं पाहिलं. हे इंजिनिअरचं, हे वाढईचं एस्टिमेट. तुम्ही करून देता की भावातून कमी करता?" माझं मत विचाराल तर भावातून कमी करून घ्या आणि काम स्वतः करा. विकून जाणारा माणूस छत दुरुस्त करतो तेव्हा ते दिसण्यापुरतं होते. पूर्ण एस्टिमेटएवढी सूट मिळेलच असं नाही, कारण जुन्या घराचा भाव जुनं आहे म्हणूनच कमी लावलेला असते. पण पाहताना न दिसलेली आणि रिपोर्टमध्ये निघालेली गोष्ट तुम्ही नक्की मांडू शकता.

कायद्याचंही माहीत असू द्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ प्रमाणे मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं मालकावर बंधनकारक आहे. पण जो दोष पाहिल्यावर दिसला असता त्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते, म्हणून रिपोर्ट हातात असताना नंतर "सांगितलं नव्हतं" असं म्हणता येत नाही. त्याच कलमाप्रमाणे मालकी तुमच्या नावाने झाल्यावर घराचं जे नुकसान होईल ते तुमचं. इसार आत्ता, रजिस्ट्री आणि ताबा मेच्या शेवटी, आणि मधात वावधन आलं तर काय, हे इसारपत्रातच लिहून टाका.

इसारपत्रात आणखी एक ओळ घालाच. घरातलं सगळं लाकूड, दारं, चौकटी, कवेलू आणि टिन विक्रीत धरलेलं आहे असं साफ लिहा आणि सोबत फोटो जोडा. सागवानी मयालींना आणि दारांना आज चांगला भाव आहे, सौदा झाल्यावर आणि ताबा मिळायच्या आधी माळ्याचं लाकूड निघून गेल्याची उदाहरणं आपल्या भागात पाहायला मिळतात. तुम्हाला स्वतःला जुनं सागवान दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर गाडी भरायच्या आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसात परवान्याचं विचारून घ्या.

नमुना ८ चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतली घराची नोंद, पाहताना त्यात घराचं वर्णन काय आहे तेही वाचा, कवेलूचं लिहिलं असेल आणि वर स्लॅब असेल तर नोंद दुरुस्त करून घ्यायला लावा. स्वामित्व योजनेत, जी २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही मागा, वळचणीखालची जागा कोणाच्या हद्दीत आहे ते त्यावर कळते.

ताबा मिळाल्यावर काम कोणत्या क्रमाने

होळी ते मृग, एवढाच काळ आपल्या हातात असतो. आधी पाया-भिंत, मग उधईचा बंदोबस्त, मग मयाली आणि फाटे, मग टिन किंवा कवेलू, सगळ्यात शेवटी पन्हाळ आणि आतला रंग. लोकं रंगापासून सुरुवात करतात आणि पहिल्याच झडीत सगळे पैसे भिंतीवरून ओघळतात. स्लॅबची दुरुस्ती असेल तर पाण्याची सोय आधी, मजूर नंतर. लाकडाला उधईचं औषध मारायचं तर छत उघडं असतानाच, टोकं भिंतीत जायच्या आधी, आणि घरात लेकरं नसताना.

रजिस्ट्री झाली की नमुना ८ ला नाव चढवायचं काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. वादळात छत उडालं तर पंचनामा होते आणि त्यात नोंद कोणाच्या नावाने आहे तेच पाहिलं जाते, जुन्या मालकाचं नाव राहिलं तर मदतीसाठी तुम्हाला त्यांच्या मागे फिरावं लागेल.

पहिला पावसाळा येईल तेव्हा खडू जवळ ठेवा. झड लागली की जिथे जिथे थेंब दिसला तिथे खाली जमिनीवर आणि वर लाकडावर दोन्हीकडे खूण करा, बाजूला तारीख टाका. पाणी लाकडावरून घरंगळत येते, त्यामुळे थेंब पडतो तिथे भोक नसते, ते वरच्या अंगाला कुठेतरी असते, आणि उघाड मिळाल्यावर मिस्त्री वर चढला की खालून ती खूण दाखवायला तुम्ही आत उभे राहा.